माणशी तीन पूर्णांक सात

आमच्या देशातला प्रत्येक माणूस रोज अंड्यांमधून तीन पूर्णांक सात ग्रॅम चरबी खातो, असं पुस्तकात छापलंय. तान्ह्या बाळापासून अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीपर्यंत प्रत्येक माणूस. छापलंय म्हणजे खरं असणार, असंच कुणालाही वाटेल. आकडा दुसऱ्या कुणी काढला असता तर मलाही वाटलं असतं. पण तो आकडा मी काढलाय, आणि कसा काढलाय ते ऐकलंत तर मला दारात उभं करणार नाही तुम्ही.

सांख्यिकी कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत आम्ही अन्नाचा ताळेबंद तयार करतो. आम्ही म्हणजे साहेब आणि मी. टेबलं चार, माणसं दोन, पंखा एक, आणि तोही साहेबांकडे तोंड करून. धान्य, तेल, मासे, मांस साहेबांकडे. दूध आणि अंडी माझ्याकडे. अंड्यांचं गणित शाळेतलं पोरही करेल. वर्षभरात देशात किती अंडी झाली ते घ्यायचं, उबवायला ठेवलेली वजा करायची, फुटलेली वजा करायची, उरली त्यांना एका अंड्याच्या वजनानं गुणायचं, त्यातली चरबी काढायची, मग देशातली डोकी आणि वर्षाचे दिवस यांनी भागायचं. येतं ते उत्तर माणशी, रोजचं. देश तरी केवढा? एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाला कुणीतरी रुमाल शोधतं.

या गणितात एक जागा अशी होती की तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं. एका अंड्याचं वजन. पन्नास ग्रॅम. माझ्या जन्माच्या आधीपासून पन्नास ग्रॅम. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, देव जाणे. मग सहा वर्षांपूर्वी वरून हुकूम आला, की अंड्यांचं नव्यानं वजन करा. दहा बाजार, प्रत्येक बाजारात तीस अंडी, एकूण तीनशे. साहेबांनी एक छोटा वजनकाटा, दहा कोरे तक्ते आणि सात दिवसांचा दौरा माझ्या हातात दिला.

घरी सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, सासूबाई कुरकुरतील. त्यांचे गुडघे धरलेले, आमची लेक तेव्हा पाच वर्षांची, आणि आमच्या ह्यांना चहासुद्धा धड करता येत नाही. पण सासूबाई म्हणाल्या, "सरकारी काम आहे ना? मग जा की. आम्ही काय मरतोय का सात दिवसांत?" आणि शेजारणीला कुंपणावरून ऐकवलं, "आमची सून दौऱ्यावर निघालीय. सगळ्या देशाची अंडी तोलणार आहे एकटी." त्यांच्या तोंडून एवढं कौतुक म्हणजे उन्हाळ्यात गारा.

पहिले तीन दिवस मी इमानेइतबारे काम केलं. तीन बाजार सपाटीवरचे. अंडेवाल्यांची चेष्टा सहन करत एकेक अंडं काट्यावर ठेवायचं, आकडा लिहायचा, अंडं परत ट्रेमध्ये. "बाई, कोंबडीचंही वजन करणार का?" "बाई, उचलून बघता तर घ्या तरी!" पन्नास, बावन्न, एकोणपन्नास, त्रेपन्न. सरासरी एक्कावन्न भरली. म्हणजे ज्यानं कुणी पन्नास ठरवलं होतं तो माणूस शहाणा होता.

चौथ्या दिवशी सकाळी मला डोंगराकडची बस धरायची होती. सात बाजार वर होते, रोज दोन उरकले तर चार दिवसांत आटोपले असते. फाट्यावर उतरले तर ती बस दोन तासांनी होती. आणि समोर दुसरी बस इंजिन चालू ठेवून उभी होती. पाटीवर माझ्या माहेरच्या गावाचं नाव.

दोन वर्षं मी माहेरी गेले नव्हते. आई जाऊन चार वर्षं झालेली, बाबा एकटे. सुट्टी असली की लेकीचं काहीतरी निघायचं, ते नसलं तर सासूबाईंचे गुडघे. मी कधी विचारलंही नव्हतं, की जाऊ का म्हणून. नकार ऐकायची भीती, दुसरं काय. तर ती बस बघितली आणि मी आत जाऊन बसले. मनाशी म्हटलं, एक रात्र राहीन, उद्या सकाळी डोंगर गाठीन. खोटं बोलायचं तर पहिलं स्वतःशीच बोलावं लागतं, मग बाकीच्यांशी जमतं.

बाबांकडे चारशे कोंबड्या. त्यातल्या निम्म्या म्हाताऱ्या. दुसरा कुणी केव्हाच विकून मोकळा झाला असता, पण बाबांना त्यांचे चेहरे ओळखू येतात. म्हातारी कोंबडी अंडी कमी देते, पण देते ते मोठं देते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वजनकाटा बाहेर काढला तो निव्वळ बाबांना दाखवायला. त्यांना एवढा आनंद झाला की विचारू नका. ट्रे घेऊन आले, माझ्यासमोर मांडी घालून बसले, आणि एकेक अंडं सदऱ्याच्या टोकानं पुसून मला द्यायला लागले. मी सहज एक लहान अंडं उचललं तर हातातून काढून घेतलं. "हे बारकं कशाला? सरकारात आपली अंडी जाणार, चांगली जाऊ देत."

"बाबा, अहो सरकारात अंडी नाही जात, आकडा जातो."

"मग आकडा चांगला जाऊ दे."

मी हसले आणि कागद पुढे ओढला. त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं ते आज आठवत नाही, आणि आठवलं तरी सांगायची लाज वाटेल. बाबा आकडे वाचून दाखवत होते, "अडुसष्ट! एकाहत्तर! हे बघ, ही त्या लंगडीची करामत!" जणू माझ्या वर्गातल्या परीक्षेचे मार्क. मी लिहीत होते. एक तक्ता भरला, दुसरा भरला. चार दिवसांत सातही भरले. वरच्या ओळीत डोंगरातल्या सात बाजारांची नावं घातली, तारखा घातल्या, सह्या केल्या. आणि खाली आमच्या बाबांची दोनशे दहा अंडी, निवडून, पुसून. डोंगराकडची अंडी बारकी असतात हे सगळ्या देशाला माहीत आहे. मलाही माहीत होतं.

खरं सांगते, त्या चार दिवसांत मला अपराधी वाटलं नाही. सकाळी उशिरा उठत होते, बाबांच्या हातचा चहा पीत होते, केसांना तेल लावून अंगणात बसत होते. मला तेव्हा नुसतं सुख वाटत होतं, आणि आज मला सगळ्यात जास्त तेच टोचतं.

परत आल्यावर सरासरी काढली. तीनशे अंड्यांची, चौसष्ट ग्रॅम. त्याबरोबर माणशी चरबी दोन पूर्णांक नऊवरून उडी मारून तीन पूर्णांक सातवर जाऊन बसली. साहेबांनी आलेख पाहिला आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"एका वर्षात अंडं चौदा ग्रॅमनं फुगलं? कोंबड्यांनी काय ठराव पास केला का?"

तेव्हा बोलायला हवं होतं.  मी म्हटलं, "मोजलं ते लिहिलं, साहेब."

साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी विचार केला, की अंडी हळूहळू मोठी होत गेली असणार, आपण मोजलंच नाही, म्हणून फरक एकदम दिसतोय. "ही पायरी बरी दिसत नाही," ते म्हणाले. "पायरी दिसली की लोकांना वाटतं चूक झाली. मागच्या सहा वर्षांत वाटून टाक. उतार कर." मी वाटून टाकला. दोन पूर्णांक नऊ, तीन, तीन पूर्णांक दोन, मग पूर्णांकापुढे तीन, चार, सहा, सात. रेघ अशी सुरेख चढत गेली की बघत राहावं. आधी ती फक्त माझी चूक होती. साहेबांच्या पायरीचा उतार झाला आणि माझ्या चुकीला 'कल' म्हणायला लागले. पुस्तकात वाक्य आलं, "नागरिकांचा कल अंड्यांकडे वाढताना दिसतो." नागरिकांचा कसला कल? कल माझा होता, माहेराकडे.

एवढ्यावर भागलं असतं तर मीही विसरले असते. सरकारी पुस्तकं कोण वाचतं? पण दोन वर्षांपूर्वी आरोग्य खात्यातल्या कुणीतरी ती रेघ पाहिली आणि घाबरलं. रेडिओवर सांगायला लागले, भिंतींवर चित्रं लागली. एक मोठं अंडं, त्यावरून चढत जाणारी लाल रेघ, आणि खाली, "साठीनंतर आठवड्याला एकच." आमच्या बसथांब्यावरही एक होतं. मी रोज त्याच्याकडे पाठ करून उभी राहायची. खाई त्याला खवखवे.

सासूबाई तेव्हा सत्तरीच्या. त्यांचा सकाळचा नेम मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. दोन उकडलेली अंडी, वर मीठ आणि मिरपूड, खिडकीतल्या खुर्चीत बसून, कुणाशी न बोलता. दात फारसे उरले नाहीत, दूध पचत नाही, डाळीनं पोट धरतं. बाकी सगळं त्या आमच्यासाठी करायच्या, ती दोन अंडी तेवढी स्वतःसाठी. रेडिओवर माझ्या खात्याचं नाव ऐकलं त्या दिवशी त्यांनी ह्यांना हाक मारून बोलावलं, लेकीला बोलावलं. "ऐका, ऐका, हा आईचा आकडा!" दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंडी उकडून ठेवली तर बशी सरकवली.

"आजपासून बंद."

"अहो आई, आठवड्याला एक चालतं म्हणतात."

"एक नाही न् अर्धं नाही. तूच मोजायचं आणि तुझ्याच घरात आम्ही हादडायचं? लोक काय म्हणतील? तुझी रेघ खाली यायला नको का? घरापासून सुरुवात."

मला हसू आलं. हो, हसूच आलं. वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. पण आमच्या सासूबाईंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. वर्ष गेलं, दुसरं गेलं. ब्लाउज ढिले झाले, बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. जेवायला बसल्या की चिवडून उठायच्या. मी म्हणायचे, "खा की अंडं, मी सांगते." त्या म्हणायच्या, "तू आपली मायेनं सांगतेस. सरकारात वेगळं सांगतेस."  प्रत्येक वेळी ओठावर यायचं, आणि प्रत्येक वेळी गिळायचे. चूक कबूल करायला एकदा उशीर झाला की रोज नव्यानं उशीर होतो.

या वर्षी त्या न्हाणीघरात पडल्या. मांडीचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली, पण तीन आठवडे झाले तरी जखम भरेना. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेरच्या बाकावर बोलावलं. तरुण बाई, पण बोलणं सडेतोड.

"आजींच्या अंगात काही उरलेलंच नाही. कशानं भरणार जखम? रोज दोन अंडी गेली पाहिजेत पोटात. नाहीतर खाटेवरून उठणार नाहीत त्या. मग फुप्फुसात कफ, मग..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मला कळलं.

सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंनाच शिकवलं. "बाई, तुम्ही हाडांच्या डॉक्टर. अंड्यांचं आमच्या सुनेला विचारा."

आणि एवढंच नव्हतं. हाडांच्या त्या वॉर्डात खाटा पाच, सगळ्या म्हाताऱ्या. दुपारी जेवणाची गाडी करकरत यायची, प्रत्येकीच्या ताटात एक उकडलेलं अंडं असायचं. एके दिवशी पाहते तर गाडी परत निघालीय आणि तिच्यावर पाच अंडी तशीच. वाढणारी बाई माझ्यावरच उखडली, "तुमच्या सासूबाईंनी सगळ्यांना दीक्षा दिलीय. अंडी परत का आली ते वरचे माझ्याकडून लिहून घेतात." शेजारच्या खाटेवरच्या शिवणकाम करणाऱ्या आजी, कानानं जवळजवळ बहिऱ्या, त्यांनीसुद्धा सोडलं होतं. सासूबाईंनी त्यांना हातवारे करून समजावलं म्हणे, बोटानं हवेत चढती रेघ काढून. त्यांच्यापलीकडे एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या, त्या मला बघून म्हणाल्या, "तूच का ती? आजी सारखं तुझंच सांगत असतात. सात गावं पायी फिरलीस म्हणे." पायी! तेवढं सासूबाईंनी स्वतःच्या पदरचं घातलं होतं.

त्या दिवशी मी घरी जाऊन फसवाफसवी केली. बटाटा कुस्करला, त्यात अंडं कुस्करून मिसळलं, वरून मिरपूड. सासूबाईंनी पहिलाच घास जिभेवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "चाळीस वर्षं खाल्लंय मी ते. मला बनवतेस?" घास रुमालात काढून ठेवला. मी मान खाली घातली. "बनवतेस" हा शब्द असा काही लागला की रुग्णालयाच्या जिन्यात उभी राहून रडले.

आणि मग मी आधी साहेबांकडे गेले. म्हणजे बघा माझी हिंमत. अख्ख्या देशापुढे कबूल करणं मला सोपं वाटलं, सासूबाईंपुढे नाही. साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि सांगितलं, सात तक्ते खोटे आहेत, सातही माझ्या वडिलांच्या अंगणात भरले. 

"सहा वर्षं?"

"सहा वर्षं."

"आणि उतार मी करायला सांगितला." त्यांनी कपाळ चोळलं. मग चिडले, आवाज चढला, मला काय काय म्हणाले ते मी इथे लिहीत नाही, सगळं रास्त होतं. शेवटी शांत होऊन म्हणाले, "चौकशी होईल. तुझी आणि माझीही. आकडा पुढच्या पुस्तकात दुरुस्त करू, खाली तळटीप देऊ."

"पुढचं पुस्तक कधी?"

"आठ महिन्यांनी."

आठ महिने! सासूबाईंकडे आठ आठवडे तरी होते का?

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाची गाडी येऊन गेल्यावर, मी त्यांच्या खाटेवर टेकले. ताटात अंडं तसंच होतं. मी पुन्हा एकदा सोपी वाट धरली. लाज नाही हो माणसाला.

"आई, तो आकडा चुकलाय म्हणे. जास्त लागलाय. साहेबच म्हणाले."

"साहेब खुर्चीत बसून म्हणतात." सासूबाईंचा आवाज बारीक झाला होता, पण धार तीच. "तू पायाला भिंगरी लावून गावोगाव फिरलीस. मी त्यांचं ऐकू का तुझं?"

"माझं ऐका. चुकलाय."

"तुला दटावलं असेल त्यांनी. तू गरीब गाय, मान डोलावून आलीस. मी नाही मानायची. ज्यानं स्वतः मोजलं त्याचं खरं." आणि मान भिंतीकडे केली.

आता वाटच उरली नाही. त्यांचा विश्वास आकड्यावर नव्हताच, माझ्या पायपिटीवर होता. तोच मोडल्याशिवाय त्या ते अंडं तोंडात घालणार नव्हत्या.

"मी गेलेच नव्हते, आई."

"कुठं?"

"त्या सात गावांना. फाट्यावरून बस बदलली आणि बाबांकडे गेले. चार दिवस माहेरी राहिले. बाबांचीच अंडी मोजली आणि गावांची नावं घातली."

सासूबाईंनी मान वळवली.   मला वाटलं, आता शिव्या देतील, आणि देवाशप्पथ, मला त्या हव्या होत्या.

"माहेरी जायचं होतं तर सांगायचंस," त्या म्हणाल्या.

"तुम्ही नाही म्हणाला असतात तर?"

त्यांनी विचार केला. खोटं बोलायची सवय त्यांना नाही. "म्हणाले असते. पहिल्यांदा म्हणाले असते. दुसऱ्यांदा विचारलं असतंस तर नसते म्हणाले."

 मी तर पहिल्यांदाही विचारलं नव्हतं.

मग त्यांनी छताकडे बघितलं. आणि एकदम म्हणाल्या, "पाय चेपले होते मी तुझे."

हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. मुद्दामच टाळलं होतं. त्या दौऱ्यावरून मी परत आले ती दमल्याचं सोंग घेऊन. उंबऱ्यातच बसकण मारली, आई गं म्हणून पोटऱ्या धरल्या. सात गावं फिरलेली बाई ताजीतवानी कशी दिसेल? तर सासूबाईंनी तेल कोमट केलं आणि स्वतःचे धरलेले गुडघे मोडून जमिनीवर बसल्या. माझे पाय मांडीवर घेतले, तास-दीड तास चेपले. मी नको नको म्हणत होते, आणि पाय काढून घेत नव्हते. उठताना त्यांना भिंतीला धरून उठावं लागलं होतं.

"आई, मला क्षमा..."

"ताट दे इकडं."

मी ताट दिलं. अंडं सोलायला गेले तर माझा हात बाजूला केला. स्वतः सोललं, टरफलाचे बारके बारके तुकडे पांघरुणावर पडत होते. मीठ मागितलं नाही. खायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या चावत होत्या, दोन वर्षांनी. ते चवीचं पाणी होतं की माझ्यामुळे आलेलं, विचारायचं मला धाडस झालं नाही. अर्धं झाल्यावर थांबल्या आणि हनुवटीनं वॉर्डाकडे खूण केली.

"त्या चौघींनी माझ्या शब्दावर सोडलंय. माझा शब्द तुझ्यावर होता. जा, सांग त्यांना. मी नाही सांगायची."

मी उठले. शिवणवाल्या आजींच्या खाटेशी गेले, वाकले, हळूच म्हटलं, "आजी, अंडं खा. आकडा चुकीचा आहे."

"आं?"

"आकडा चुकीचा आहे!"

"काय म्हणते गं ही? मोठ्यानं बोल की!"

मग मी ओरडले. दुसरा इलाजच नव्हता. "मी खोटं लिहिलं! सात गावांना मी गेलेच नव्हते! माहेरी जाऊन बसले होते!"

मास्तरीणबाईंनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. पलीकडच्या दोघी कोपरावर उठून बघायला लागल्या. ताटं न्यायला आलेली वाढणारी बाई दारातच गाडीला धरून उभी राहिली. भरल्या वॉर्डात माझा आवाज घुमत होता आणि मला वाटत होतं, फरशी फाटावी आणि आपण आत जावं.

आजींनी माझा हात धरला. त्यांना सगळं ऐकू गेलं असेल की शेवटचंच वाक्य, कोण जाणे. सुरकुतलेला चेहरा एकदम खुलला.

"माहेरी गेली होतीस? वडील बरे होते का गं?"

सहा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. कसं विचारणार? मी गेलेच नव्हते ना कुणाच्या लेखी.

"बरे होते!" मी ओरडून सांगितलं. तोंडावर पदर धरून तशीच उभी राहिले. मागे सासूबाईंच्या खाटेवर ताटाचा आवाज झाला. त्यांनी उरलेलं अर्धं संपवलं होतं.

"रडत काय उभी राहतेस?" त्या मागून म्हणाल्या. "पुढच्या खाटेकडे जा. त्याही जेवायच्या राहिल्यात."